बायपोलर आजाराचे उपचार: खानदेशातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे, आणि माझ्या थोरल्या भावाला, आण्णाला, हाच आजार आहे. त्यामुळे खालचे प्रश्न मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून ऐकले आहेत, काही तर स्वतःच विचारले आहेत. रावेर-यावलकडचे केळीवाले, धरणगाव-पारोळ्याकडचे कापूसवाले, भुसावळचे रेल्वेवाले, शिरपूर-शहाद्याकडून एसटीने पहाटे निघालेले आईबाप, सगळे साधारण हेच विचारतात. औषधांची नावं मी मुद्दाम दिली आहेत, म्हणजे डॉक्टर बोलतात ते तुमच्या ओळखीचं वाटेल. कोणती गोळी आणि किती, हे मात्र तुमच्या पेशंटला तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

मूड तर सगळ्यांचाच वरखाली होतो. मग हा आजार कसा?

रागलोभ सगळ्यांनाच असतात, पण ते दिवसात उतरतात. बायपोलरमध्ये चढ आला की तो आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकतो. माणूस दोन-तीन तास झोपतो आणि तरी थकत नाही. बोलणं थांबत नाही, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या. पैसे उधळतो, जमिनीचे सौदे करतो, मध्यरात्री नातेवाइकांना फोन लावतो. आडवं गेलं की चिडतो. याला मॅनिया म्हणतात. याचंच सौम्य रूप म्हणजे हायपोमॅनिया. ते चार दिवस टिकलं तरी निदानात धरतात, आणि घरच्यांना ते बहुतेक वेळा 'पोरगं आता कामाला लागलं' असंच वाटतं. दुसरं टोक म्हणजे उदासी: किमान दोन आठवडे मन बसलेलं, अंथरूण सुटत नाही, भूक नाही, जगण्यात राम नाही.

चढातल्या माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. आण्णाला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा तो साऱ्या वाटेने अहिराणीत एकच सांगत होता, "माले काहीच व्हयेल नही, तुमनंच डोकं फिरेल शे." हा हट्ट म्हणजे आजाराचाच भाग असतो. त्याच्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं मी पाहिलं नाही.

डॉक्टर म्हणतात 'गाइडलाइननुसार उपचार करतोय'. ही गाइडलाइन कोणाची?

जगभरातल्या औषधांच्या चाचण्या एकत्र वाचून तज्ज्ञांच्या समित्या शिफारशी लिहितात, त्याला गाइडलाइन म्हणजे मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात. बायपोलरसाठी जास्त वापरल्या जाणाऱ्यांत ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१४ ची आहे, कॅनडाच्या कॅनमॅट गटाची २०१८ ची आहे, आणि आपल्याकडे इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१७ मध्ये भारतीय डॉक्टरांसाठी स्वतंत्र तत्त्वं काढली.

बारीकसारीक फरक आहेत, पण सांगाडा एकच. आधी बघायचं की पेशंट आत्ता कुठे आहे: चढात, उदासीत, की मधल्या शांत काळात. तिन्हींची औषधं वेगवेगळी असू शकतात. म्हणून शेजारच्या पेशंटची चिठ्ठी तुमच्या पेशंटला चालत नाही, आणि त्याचीच गेल्या वर्षीची चिठ्ठीही चालेल असं नाही.

चढ आलाय, घरात कोणालाच आवरत नाही. अशा वेळी काय देतात?

पहिली गोष्ट, नैराश्याची गोळी चालू असेल तर ती थांबवतात, कारण ती चढाला खतपाणी घालते. मग नाइसच्या तत्त्वांत हॅलोपेरिडॉल, ओलान्झापिन, क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन या चारांपैकी एक सुचवलं आहे. एकाने भागलं नाही तर दुसरं, तेही पुरलं नाही तर जोडीला लिथियम. कॅनडाच्या तत्त्वांत लिथियम, व्हॅल्प्रोएट, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन आणि आणखी काही औषधं पहिल्याच रांगेत आहेत, आणि त्यांची जोडी लावायलाही ते सुरुवातीपासून परवानगी देतात. आपल्याकडे जोडीच जास्त दिसते. घरातले लोक पेशंटला आणतात तेव्हा पाणी डोक्यावरून गेलेलं असतं, हे त्याचं एक कारण.

लिथियमला चढ उतरवायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. "तीन दिवस झाले, काहीच फरक नाही" म्हणून दवाखाना बदलू नका.

उदासीसाठी आमच्या गावच्या डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली होती. त्यानंतरच तो बिघडला. चूक कोणाची?

अनेकदा कोणाचीच नसते. हा आजार पुष्कळांत उदासीनेच सुरू होतो, आणि त्या टप्प्यावर तो साध्या नैराश्यासारखाच दिसतो. बरोबर निदान व्हायला कित्येक वर्षं जातात. पण एकदा मॅनिया येऊन गेला असेल तर नुसती नैराश्याची गोळी, सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध नसताना, देऊ नये यावर सगळ्या तत्त्वांचं एकमत आहे.

बायपोलरमधल्या उदासीला क्वेटियापिन हे सगळीकडे वरच्या क्रमांकावर आहे. ओलान्झापिन आणि फ्लुओक्सेटिन एकत्र, लॅमोट्रिजिन, लुरासिडोन, लिथियम हे पुढचे पर्याय. म्हणून डॉक्टरांना मागचा चढ सांगाच. तो दहा वर्षांपूर्वीचा असो, की 'तेव्हा जरा जास्तच उत्साहात होता' एवढाच असो. घराण्यात कोणाला असं होतं का, तेही सांगा. आजोबांचं किंवा आत्याचं नाव निघेल म्हणून लोक गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यामुळे पेशंटला चुकीची गोळी जाते.

लिथियम म्हणजे विष असतं म्हणतात. खरं आहे का?

लिथियम हा एक साधा क्षार आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी मॅनियावर त्याचा उपयोग दाखवला. त्यानंतर कितीतरी नवी औषधं आली, पण आजार परत येऊ नये म्हणून दीर्घकाळ द्यायच्या औषधांत नाइस आजही लिथियमलाच पहिलं स्थान देते, आणि कॅनडा व भारताच्या तत्त्वांतही ते पहिल्या ओळीत आहे. या आजारात आत्महत्येचा धोका ते कमी करतं, याचा पुरावा इतर औषधांपेक्षा भक्कम आहे. शिवाय ते स्वस्त आहे, आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. माझ्या भावाला ज्या गोळीने माणसात आणलं तिला कोणी विष म्हटलं की मला वाईट वाटतं.

पण ही भीती अगदीच हवेतली नाही. लिथियमच्या उपयोगी मात्रेत आणि घातक मात्रेत अंतर फार थोडं आहे. रोजच्यासाठी रक्तातली पातळी ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) च्या आसपास ठेवतात, चढ असताना १.० पर्यंत नेतात. १.५ च्या वर गेली की विषबाधा धरायची, वयस्करांना त्याच्या आतही त्रास होऊ शकतो. म्हणूनच रक्ततपासणी हा उपचाराचाच भाग आहे. सुरुवातीला आणि डोस बदलल्यावर दर आठवड्याला, पातळी बसली की पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी, पुढे सगळं ठीक असेल तर सहा महिन्यांनी. किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियमही सहा महिन्यांनी बघायचं.

रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला लॅबमध्ये, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. लोक 'उपाशीपोटी' हा शब्द लक्षात ठेवतात आणि १२ तास विसरतात. लॅबवाल्या दादांनाही आठवण करा की हिरव्या झाकणाची नळी नको. त्यातल्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिनच घातलेलं असतं, मग रिपोर्टात पातळी खोटीच वाढलेली येते आणि घरात रडारड होते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

उन्हाळ्यात गोळी गरम पडते, म्हणून चैत्र-वैशाखात बंद ठेवावी का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईत फारसा कोणी विचारत नाही, आपल्याकडे होळी झाली की सुरू होतो. 'गरम पडते' हे खरं नाही, पण उन्हाळा आणि लिथियम यांचं वाकडं आहे हे मात्र पक्कं. ब्रिटन आणि कॅनडाच्या गाइडलाइन लिहिणारी मंडळी थंड मुलखातली. अंगातलं पाणी कमी झालं की जपा, एवढं एक वाक्य ते लिहितात. भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ते एक वाक्य आपल्यासाठी पानभर होतं.

किडनीला लिथियम आणि मीठ यांतला फरक नीट कळत नाही. घामाने, जुलाबाने, उलटीने अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की किडनी मीठ धरून ठेवायला लागते, आणि त्याबरोबर लिथियमही. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तातली पातळी चढते.

आण्णाचं असंच झालं. मे महिन्यात अमळनेरला लग्नाला गेला, मांडवाच्या गडबडीत गुडघा मुरगळला. तिथल्या एका डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. लिथियम चालू आहे हे आण्णाने सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्यात लग्नातल्या जेवणाने दोन दिवस जुलाब. चौथ्या दिवशी सकाळी वहिनीने चहा दिला तर त्याच्या हातात कपबशी वाजायला लागली. कप बशीवर आपटत होता, आणि तो हसून म्हणाला, "थंडी भरली." मे महिन्यात! दुपारी चालताना झोक जायला लागला, जीभ जड झाली, गल्लीतल्यांना वाटलं पिऊन आलाय. रक्त तपासलं तर लिथियम २.१. सहा दिवस सलाइनवर होता. मी परिचारिका, आणि माझ्याच भावाच्या खिशात 'मी लिथियम घेतो' अशी साधी चिठ्ठी नव्हती. आज त्याच्या पाकिटात आधार कार्डामागे ती आहे.

म्हणून उन्हाळ्यासाठी आमच्या घरचे नियम सांगते. पाणी तहान लागायच्या आधीपासून, शेतात जाताना मोठी बाटली सोबत. जेवणातलं मीठ नेहमीएवढंच ठेवायचं. 'मीठ वाईट' म्हणून अचानक तोडलं तर लिथियम चढतं, आणि लोणचं-पापड-बिबडे अचानक वाढवले तर पातळी उतरून आजार डोकं वर काढू शकतो. दुपारी बारा ते चार बांधावर जायचं नाही. जुलाब-उलटी लागली की ओआरएस सुरू करायचं आणि पुढची लिथियमची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा. मार्च संपता संपता एकदा पातळी तपासून घ्यायची, तीन महिने झालेले असोत वा नसोत.

दुखण्याच्या गोळ्यांचं आणखी सांगायला हवं, कारण मेडिकलवर त्या मागितल्या की मिळतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या लिथियमची पातळी वाढवतात. ताप-अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांचंही तसंच: एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, आणि लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायझाइड. बऱ्याच बीपीच्या गोळ्यांत ही दोन-दोन एकत्र असतात. बीपीच्या डॉक्टरांना लिथियमचं सांगा आणि मानसोपचारवाल्यांना बीपीचं.

हातपाय थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी चालू असेल तर घाम कमी येतो. असा माणूस उन्हात लवकर तापतो, त्याला सावलीतच ठेवा.

हाताला बारीक कंप लिथियमवर बऱ्याच जणांना असतो, तो चालतो. पण कंप मोठा झाला, उलट्या, जुलाब, बोबडं बोलणं, झोकांडी, गुंगी यातलं काही दिसलं तर लिथियम थांबवा आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा. उद्या बघू म्हणू नका.

एकादशी, नवरात्र, रोजा?

पाणी पिऊन केलेल्या एका दिवसाच्या उपवासाला बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत. निर्जळी उपवास लिथियमवर नको. रोजे धरायचे असतील तर रमजानच्या आधीच भेटा, गोळीची वेळ आणि तपासणी ठरवून घेता येते. यंदा जमणार नाही असं डॉक्टर म्हणाले तर ते ऐका. आजाऱ्याला सूट सगळ्याच धर्मांनी दिली आहे.

मुलीला व्हॅल्प्रोएट चालू आहे. लग्न जमतंय. सांगायचं का डॉक्टरांना?

आजच सांगा. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू राहिलं तर साधारण दहातल्या एका बाळाला जन्मतः मोठं व्यंग असतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांची बोलण्या-शिकण्याची वाढ मागे पडते. म्हणून मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या मुली-बायकांना ते शक्यतो देऊच नये, असं तत्त्वं सांगतात. ब्रिटनने तर २०२४ पासून ५५ च्या आतल्या कोणालाही, पुरुषालासुद्धा, दोन तज्ज्ञांचं एकमत झाल्याशिवाय ते नव्याने सुरू करू नये असा नियम केला. आपल्याकडे हे औषध सर्रास लिहिलं जातं, आणि तरुण मुलीच्या केसपेपरवर ते दिसलं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. पण स्वतःहून एका दिवसात बंद करू नका. डॉक्टर बदलून देतील, आणि ते बदलणं दिवस राहायच्या आधी झालेलं बरं.

लिथियमचा पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाला थोडा धोका असतो, तो डोसबरोबर वाढतो. तरी काही जणींना ते चालू ठेवणंच शहाणपणाचं ठरतं, कारण अचानक सोडलं तर आजार उसळतो. चालू ठेवलं तर पातळी दर महिन्याला आणि नववा लागला की दर आठवड्याला बघतात. लिथियमवर असताना अंगावर पाजू नये, असाच सल्ला सहसा देतात.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि नेमकं तिथेच गोळ्या लपवल्या जातात किंवा 'बाळाला बाधेल' म्हणून आई बंद करते. बाळंत झाल्यावरचे पहिले काही आठवडे या आजारातले सगळ्यांत नाजूक. ज्यांना पूर्ण मॅनिया येऊन गेला आहे अशा बायकांपैकी सुमारे पाचातल्या एकीला या काळात मोठा झटका येतो. झोप उडाली, वेगळंच बोलायला लागली, बाळाबद्दल विचित्र शंका आल्या तर दृष्ट काढत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना. आणि रात्रीचं बाळ आजीने किंवा मावशीने सांभाळावं, बाळंतिणीची झोप हे तिचं औषधच आहे.

लॅमोट्रिजिन इतकं हळू का वाढवतात?

अंगावर घातक पुरळ येऊ नये म्हणून. पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन ५०, मग हळूहळू २०० पर्यंत. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर याच्या निम्म्याने. पुरळ, तोंडात फोड, ताप यातलं काही आलं की थांबवून लगेच दाखवा. पाच-सहा दिवस गोळी चुकली तर परत एकदम मोठ्या डोसवर जायचं नाही, पहिल्यापासून सुरू करायचं. उदासी परत येऊ नये म्हणून हे औषध चांगलं, चढाला मात्र फार उपयोगी नाही.

वजन खूप वाढलं.

ओलान्झापिन आणि क्वेटियापिनवर वाढतं, व्हॅल्प्रोएटवरही. वजन, पोटाचा घेर, साखर, चरबी यांची नोंद सुरुवातीपासून ठेवायला लावा. वाढ दिसायला लागताच बोला, वीस किलो झाल्यावर नको. वजनावर सौम्य असणारे पर्याय आहेत.

शॉक देतात म्हणजे माणूस कायमचा जातो का?

सिनेमाने हे चित्र फार विटाळून ठेवलं आहे. आज ईसीटी, म्हणजे हाच शॉकचा उपचार, भूल देऊन, स्नायू सैल करणारं इंजेक्शन देऊन करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भुलेशिवाय शॉक द्यायला बंदीच घातली आहे. खाणंपिणं सोडलेल्या, दगडासारख्या बसून राहिलेल्या, किंवा जीव देण्याच्या टोकाला गेलेल्या पेशंटला ते लवकर गुण देतं. दीर्घकाळ न उतरणाऱ्या मॅनियातही वापरतात. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात, हा त्याचा खरा तोटा. तो आधी समजून घ्या आणि मग सही करा.

गोळ्यांशिवाय आम्ही घरी काय करू शकतो?

झोप सांभाळा. दुसरं काहीच जमलं नाही तरी एवढं करा.

तत्त्वांमध्ये आजाराचं शिक्षण, कुटुंबासोबत करायचे उपचार, विचार-वर्तन उपचार, आणि दिनक्रमाची लय बसवणारा उपचार यांची शिफारस आहे, आणि ते सगळं गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांऐवजी नाही. आपल्या जिल्ह्यांत असं प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक मोजके. पण लय बसवण्याचं काम घरही करू शकतं.

आपल्याकडे झोप मोडायची कारणं आपलीच आहेत. शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. केळीला पाणी भरायला माणूस रात्री अकराला मोटर चालू करतो आणि पहाटे घरी येतो. अशा तीन-चार रात्री झाल्या की बायपोलरच्या पेशंटला चढ येऊ शकतो, आणि हे मी ओपीडीत पुन्हा पुन्हा पाहते. रेल्वेच्या रनिंग स्टाफचं तेच. श्रावणातली कानबाईची जागरणं, आखाजीला माहेरी आलेल्या लेकींच्या गप्पा-गाणी, लग्नाच्या हळदी, यातली मजा मी कोणाची हिरावून घ्यायला सांगत नाही. पण पेशंटने रात्री अकराला उठून झोपायला जावं, आणि त्यावरून कोणी टोमणा मारू नये. रात्रीची मोटर भावाने किंवा सालदाराने बघावी. रेल्वेत किंवा कारखान्यात असाल तर रात्रपाळीतून सूट मिळावी म्हणून डॉक्टरांचं पत्र घ्या.

यावल तालुक्यातली एक आई दर महिन्याला भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळी करून आणते. प्रत्येक तारखेच्या चौकटीत दुधाचे लिटर लिहिलेले, आणि त्याशेजारी लाल पेनाने पोराच्या झोपेचे तास. सात, सात, साडेसहा, पाच, चार. त्या चारवर डॉक्टरांनी बोट ठेवलं, डोस त्याच दिवशी बदलला, आणि त्या वेळचं ॲडमिट होणं टळलं. त्या माउलीला लिहिण्यापुरतंच लिहिता येतं.

दारू आणि गांजा, दोन्ही बंद. थोडीशीही नाही.

बाहेरचं असेल म्हणून भगताकडे नेलं होतं. चुकलं का आमचं?

काळजीने नेलं, त्याबद्दल कोणी तुम्हाला ओशाळवाणं करू नये. देवावरची श्रद्धा आणि गोळी एका घरात नांदू शकतात. चैत्रात खानदेशातून वणीच्या गडावर सप्तशृंगीला पायी जाणारे आमचे पेशंट आहेत, मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला जाणारेही आहेत. आम्ही त्यांना एवढंच सांगतो: गोळ्या झोळीत, पाण्याची बाटली हातात, रात्रीची झोप पूर्ण, आणि निघण्याआधी एक रक्ततपासणी. दोन्ही वाटा कडक उन्हातल्या आहेत. उपाशी ठेवणं, बांधणं, चटके देणं, गोळ्या बंद करायला सांगणं हे जिथे होत असेल तिथून मात्र पेशंटला उठवून आणा. मानसिक आजारी माणसाला साखळीने बांधणं कायद्याने गुन्हा आहे.

दोन वर्षं झाली, एकदम बरा आहे. आता गोळ्या थांबवू का?

बरा आहे तो गोळ्यांमुळे, ही शक्यता आधी धरा. एकदाच हलका चढ आलेल्या माणसाबाबत डॉक्टर काही काळाने विचार करू शकतात. पुन्हा पुन्हा आलेला असेल तर बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते. थांबवायचंच ठरलं तर लिथियम किमान चार आठवड्यांत, शक्यतो तीन महिन्यांत उतरवत न्यावं. एकदम सोडलं तर मॅनिया उलटण्याचा धोका फार, आणि हे सगळ्यांत जास्त घडतं ते 'गोळ्या संपल्या, बाजाराच्या दिवशी आणू' यातून. आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणा.

तो मरणाचं बोलतो. विचारलं तर डोक्यात आणखी भरेल अशी भीती वाटते.

विचारल्याने भरत नाही. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ, शांतपणे विचारा, आणि तो बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरात किंवा शेतातल्या खोपीत उघडं असेल तर ते आजच दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. गोळ्यांचा साठाही घरच्या कोणा एकाच्या ताब्यात द्या, कारण लिथियम जास्त पोटात गेलं तर जिवावर बेततं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका वाटत असेल तर १०८ ची गाडी बोलवा.

जायचं कुठे, आणि खर्च?

राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. खानदेशच्या वाट्याला एकही आलं नाही, ही खंत मी मनात ठेवत नाही, मिळेल तिथे बोलते. पण दरवेळी तेवढ्या लांब जावं लागत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी जवळच्या सरकारी दवाखान्यात करता येते. पहिल्यांदा जाताना जुन्या सगळ्या चिठ्ठ्या न्या, फाटक्या असल्या तरी.

२०१७ च्या कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायला लावलं आहे, तेव्हा विमा असेल तर विचारा. याच कायद्याने पेशंटला बरा असताना लिहून ठेवता येतं की पुढे झटका आला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं. आण्णाने वहिनीचं नाव लिहिलं आहे. दिव्यांग प्रमाणपत्रातही मानसिक आजार येतो, ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सवलती लागू होतात.

तुमचे आण्णा आता कसे आहेत?

ओपीडीतली माणसं जाताना हे हमखास विचारतात. गेल्या तपासणीत पातळी ०.७ आली. रात्रीचं पाणी पुतण्या भरतो, आण्णा पहाटे साडेपाचला उठून मोटर बंद करायला जातो. दोन वर्षांपूर्वी एकदा झोप चार तासांवर आली होती, वहिनीने मला फोन केला, आठवडाभर डोस वाढवला आणि ते तिथेच निवळलं. हाताला बारीक कंप आहे. कपबशी तो आता दोन्ही हातांनी धरतो, आणि चहा घेताना वहिनी अजूनही एकदा त्याच्या बशीकडे बघते.